शब्दचर्चा: डावपेच, व्यूह, पवित्रा... 'टॅक्टिक'ला नक्की काय म्हणावं?

शंकासुर
'फुटबॉल मॅनेजर' या संगणकावर फुटबॉल संघ चालवायच्या गेमवर मराठीत टिपण लिहायला घेतलंय आणि 'टॅक्टिक'पाशीच अडकलोय. पटकन सुचतो तो शब्द डावपेच. पण डावपेच नेहमी घोळक्याने येतात: डावपेच आखले, लढवले, उधळले. 'माझा एक डावपेच आहे' असं कोणी म्हणत नाही. गेममध्ये मात्र टॅक्टिक ही एक अख्खी वस्तू असते. खेळाडूंची मांडणी, प्रत्येकाचं काम, संघाला दिलेल्या सूचना, सगळं एका नावाने सेव्ह होतं आणि अशा तीन टॅक्टिक एका वेळी सरावात ठेवता येतात. 'तीन डावपेच' लिहिलं तर वाचणाऱ्याला तीन युक्त्या वाटतील. पेपरात कधी रणनीती असते, कधी व्यूहरचना. फरक काय?

सहा_नंबर
रणनीती आधी बाजूला काढा. ती अख्ख्या हंगामाची असते: तरुण पोरं घडवायची की तयार खेळाडू विकत घ्यायचे, पगारावर किती घालवायचे. शनिवारच्या एका सामन्यासाठी एवढा भारदस्त शब्द कशाला?

व्यूह म्हणजे निव्वळ मांडणी. महाभारत युद्धाच्या तिसऱ्या दिवशी भीष्मांनी गरुडव्यूह रचला, स्वतः चोचीवर उभे राहिले. तो पाहून पांडवांनी समोर अर्धचंद्रव्यूह मांडला. कोण कुठे उभा, एवढंच त्यात ठरतं. तेव्हा ४-२-३-१ किंवा ३-५-२ (बचावापासून पुढे, प्रत्येक ओळीत किती खेळाडू) हे व्यूह. त्याच ४-२-३-१ मध्ये एक संघ चेंडू पायात ठेवून संथ पुढे सरकेल, दुसरा लांब भिरकावून मागे धावेल. हा फरक व्यूहात दिसत नाही, तो डावपेचांचा. आणि व्यूह व डावपेच मिळून जी सेव्ह होते त्या वस्तूला मी सरळ 'बेत' म्हणेन. तीन बेत तयार ठेवले, कानाला खटकत नाही.

शंकासुर
बेत आवडला. जेवणाचा वाटायचा धोका आहे, पण चालेल. मेंटॅलिटीला मानसिकता?

सहा_नंबर
अजिबात नको. खेळाडूचा निर्धार, एकाग्रता, डोकं शांत ठेवणं हे गुण गेममध्ये वेगळे मोजलेले असतात. मानसिकता म्हटलं की लोक तिकडे जातील. इथली मेंटॅलिटी म्हणजे संघाने किती धोका पत्करायचा. अतिबचावापासून अतिआक्रमणापर्यंत सात पायऱ्या. एक पायरी चढवली की पासचा वेग वाढतो, बचावफळी पुढे सरकते, खेळाडू अवघड पास जास्त करून बघतात. म्हणून तर 'गोल हवाय' म्हणून शेवटची पायरी गाठणारे प्रतिहल्ल्यात मार खातात. याला मराठीत आयता शब्द आहे, पवित्रा. आक्रमक पवित्रा, सावध पवित्रा. गेममधल्या 'कॉशस'ला 'सावध' इतका चपखल बसतो की भाषांतर केल्यासारखं वाटतच नाही.

रंकाळ्यावरचा
पवित्रा, डाव, पेच सगळे आखाड्यातले आहेत हे लक्षात घ्या. आमच्या कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघच तालमींचे: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर 'पाटाकडीलनं आज काय डाव टाकला' हे कुणालाच वावगं वाटत नाही.

आणि आखाड्यातला एक शब्द तुम्ही विसरलात: तोड. प्रत्येक डावाला तोड असते. सामन्याआधीची तयारी म्हणजे तोड शोधणं, नुसता सराव नव्हे.

सहा_नंबर
तोड झकास! उदाहरणच देतो. माझा गेममधला संघ इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला. समोरचा ४-४-२, पुढे एक ताडमाड स्ट्रायकर, सगळे चेंडू त्याच्या डोक्यावर. स्काउटच्या (समोरच्या संघाची माहिती काढणाऱ्याच्या) अहवालात होतं की त्यांच्या उजव्या बॅकचा, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूचा, पास कच्चा आहे. बेत बदलला नाही. बचावफळी एक पायरी मागे घेतली, म्हणजे त्या उंच गड्याच्या पाठीमागे धावणाऱ्याला मोकळी जागा उरत नाही. प्रतिस्पर्ध्यांवरच्या सूचनांमध्ये उजव्या बॅकवर कायम दबाव लावला आणि त्याला डाव्या पायावर खेळायला भाग पाडायला सांगितलं. आठवड्याच्या वेळापत्रकात सामन्याच्या आधी बचावाच्या मांडणीचं सराव सत्र ठेवलं. त्याचा थोडा फायदा फक्त पुढच्या सामन्यापुरता मिळतो. ही झाली तोड. बेत तोच, तोड दर आठवड्याला नवी.

ऑफसाइड
मग काउंटर अटॅकला गनिमी कावा म्हणा की! मराठी माणसाच्या गेममध्ये तो हवाच.

सहा_नंबर
शोभेचं आहे. गनिमी काव्यात लढाईची जागा आणि वेळ तुम्ही निवडता, नको तेव्हा डोंगरात नाहीसे होता. फुटबॉलमध्ये मैदान ठरलेलं, नव्वद मिनिटं ठरलेली, पळून जाणार कुठे? प्रतिहल्ला बरा.

शंकासुर
आणि 'टॅक्टिकल फॅमिलियॅरिटी', म्हणजे संघाला बेत किती सवयीचा झालाय ते? टिपणात 'डावपेचात्मक परिचय' लिहिलंय, मलाच हसू येतंय.

रंकाळ्यावरचा
बेत अंगवळणी पडणं. झालं.

सहा_नंबर
अगदी. नवा बेत घातला की गेममधली त्याची पट्टी बरीच रिकामी असते, सराव आणि सामने होतील तशी भरते. मधेच व्यूह बदलला की पुन्हा खाली येते. दोन सामने हरले की सगळं मोडून नवं मांडणाऱ्यांचा संघ म्हणूनच कधी जमत नाही: काहीच अंगवळणी पडलेलं नसतं.

ऑफसाइड
खेळाडूंच्या मैदानावरच्या भूमिकांची नावं? रेजिस्टा, मेझाला (बाजूला सरकत खेळणारा मधला खेळाडू), राउमडॉयटर (मोकळी जागा हेरणारा)?

सहा_नंबर
ती तशीच ठेवा. इंग्रजीतून गेम खेळणाऱ्यांनीही ती इटालियन-जर्मनमध्येच घेतलीत. राउमडॉयटर तर जर्मन फुटबॉलपटू टोमास म्युलरने स्वतःबद्दल वापरलेला शब्द. फक्त रेजिस्टाला मोह होतो. इटालियनमध्ये रेजिस्टा म्हणजे दिग्दर्शक, आणि मागे राहून सगळा खेळ चालवणाऱ्याला आपल्याकडे सूत्रधार आहेच.

रंकाळ्यावरचा
सूत्रधार घ्या. टीम टॉकला, म्हणजे मॅनेजर संघाशी बोलतो त्याला, कानमंत्र.

ऑफसाइड
सामन्याआधी कानमंत्र, कबूल. मध्यंतराला ०-२ असताना देतात ती कानउघाडणी. गेममध्ये त्यासाठी पाण्याची बाटली भिरकावायची सोयसुद्धा आहे.