टाकळा-कुर्डूच्या पानांची मापं जुळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष. महिरावणीजवळ मामांच्या माळावर टाकळा आणि कुर्डू मोजतेय. अर्धा माळ गुरांना मोकळा आहे, अर्ध्याला कुंपण. (जवळचा अंजनेरीचा डोंगर मुद्दाम टाळला. तिथे पानं खुडत फिरायचं मनाला पटलं नाही. २००६ साली जिची नोंद झाली ती दुर्मिळ वनस्पती सेरोपेजिया अंजनेरिका तिथलीच, चुकून पाय पडला तर?)

अडलंय एसएलएपाशी (स्पेसिफिक लीफ एरिया), म्हणजे ताज्या पानाच्या एका बाजूचं क्षेत्रफळ भागिले त्याच पानाचं सुकं वजन. एकाच ताटव्यातल्या टाकळ्याचा आकडा एका रविवारी मिलिग्रॅममागे २४ चौरस मिलिमीटर आला, पुढच्या रविवारी १९. कुंपणाच्या आतबाहेरचा फरक याहून मोठा असेल असं वाटत नाही, मग मी नेमकं काय मोजतेय?

माझी रीत अशी: दुपारी पानं तोडून कोरड्या पिशवीत भरते. नाशिकरोडला घरी पोचेपर्यंत सात वाजतात. काचेखाली दाबून, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो, मग इमेजजेमध्ये (फोटोवरून मापं काढणारं सॉफ्टवेअर) क्षेत्रफळ. नंतर चार दिवस वर्तमानपत्रात दाबून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एकेक पान. पहिल्या आठवड्यात ऊन होतं, दुसऱ्यात सूर्य दिसलाच नाही.

उंचीचंही विचारते. कुर्डूचा तुरा धरायचा का? वाऱ्याने कललेलं झाड सरळ करून मोजायचं का?

रानवाट: ताई, पानं सुकलेलीच नाहीत. पावसाळी हवेत वर्तमानपत्रातलं पान कितीही दिवस ठेवा, ओल धरूनच राहतं. वजन जास्त भरलं की आकडा उतरतो, तुमचा १९ तिथूनच आला असणार. ७० अंश सेल्सिअसला ७२ तास ओव्हनमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर तोला. थंड व्हायला उघड्यावर ठेवली तर पुन्हा ओल ओढून घेतात. लगेच तोलणं जमत नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलवर (ओल शोषणारे दाणे) ठेवा.

काटाही बघा. टाकळ्याचं सुकं पान ०.१ ग्रॅमच्या आसपास भरत असेल, तर ०.०१ ची चूक म्हणजे थेट दहा टक्के. एका झाडाची पाच पानं एकत्र तोला.

कोरडी पिशवी वापरणं बंद करा. ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीचं तोंड बांधून, अंधारात गार ठेवा. कोमेजलेलं पान आकसतं, क्षेत्रफळ कमी भरतं. टाकळ्याची अजून एक खोड आहे, सांजेला पर्णिका (पानाची छोटी दलं) मिटतात. सात वाजता काचेखाली त्या एकमेकींवर चढत असतील. घरी पोचल्यावर देठ पाण्यात ठेवा आणि फोटो सकाळी काढा. देठासकट अख्खं पान घ्या आणि शेवटपर्यंत तेच धरा.

उंची म्हणजे जमिनीपासून सर्वांत वरच्या पानांपर्यंत. तुरा धरायचा नाही. कललेलं झाड कललेलंच मोजा, ताणू नका. उंचीला २५ झाडं, पानांना १० झाडं बरी.

मळेकरी: ओव्हनसाठी सुचवतो. आपल्याकडे द्राक्षबागांचं देठ परीक्षण (पानांच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे देठ ओव्हनमध्येच वाळवतात. ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांच्याकडे गर्दी होते, त्याआधी जाऊन विचारा. पाकिटांवर पेन्सिलीने नाव घाला, शाई पसरते.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. मिटलेल्या पर्णिका जुन्या फोटोंत आत्ता दिसल्या, तीन पानांत तर स्पष्टच. देठ परीक्षणाची जागा डोक्यातच आली नव्हती, उद्याच फोन करते. एक राहिलं: गुरं टाकळ्याला फारसं तोंड लावत नाहीत, पण कुर्डूचे शेंडे खुडलेले आहेत. ती झाडं उंचीत धरू का?

रानवाट: धरा. चराईचाच परिणाम बघताय, तर खुडलेली वगळून आकडा सजवू नका. झाडं शेंडा न बघता निवडा, म्हणजे दोरी टाकून दर मीटरला जवळचं झाड, आणि वहीत 'खुडलेलं' असा वेगळा रकाना ठेवा. पानं मात्र न कुरतडलेली, पूर्ण वाढलेली आणि उन्हातलीच घ्या.