काकांच्या 140 कॅसेट: आधी निवडायचं की आधी सगळं उतरवायचं?

बोरीकाठ (धागाकर्ता)
आमचे काका अमळनेरला 2001 ते 2009 लग्नाचं शूटिंग करायचे. लग्नाची ऑर्डर नसली की तोच कॅमेरा घेऊन हौसेनं कानबाईचे (आपल्या खानदेशी देवीच्या सणाचे) रोट, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके, वहीगायनाच्या (लोकगीतांच्या) रात्री टिपत फिरायचे. मागच्या पावसाळ्यात ते गेले. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत 140 मिनी डीव्ही, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याच्या तासाभराच्या छोट्या डिजिटल कॅसेट सापडल्या. मे महिन्यातला आपल्याकडचा 44-45 अंशांचा उन्हाळा त्या पेटीनं किती वर्षं सोसला असेल, याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

माझं मत स्पष्ट आहे. काही निवडायचं नाही. प्रत्येक कॅसेट पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत फायरवायरनं (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डिजिटल केबलनं), आहे तशी डीव्हीमध्ये, म्हणजे कॅसेटच्या मूळ डिजिटल रूपातच उतरवायची. आधी कॅसेटवर, डबीवर आणि फाइलच्या नावात एकच नंबर टाकायचा, कॅसेटची खिट्टी सेव्हवर सरकवायची (म्हणजे तिच्यावर चुकून रेकॉर्ड होत नाही) आणि मगच ती कॅमेऱ्यात घालायची. तासाला साधारण 13 जीबी लागतात, म्हणजे सगळं मिळून दोन टीबीच्या डिस्कमध्ये मावतं. दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवायची. एडिटिंगचं नंतर बघू.

पांझराकाठ
भाऊ, भावना समजते, पण पद्धत चुकतेय. मी धुळ्यात 2003 पासून मिक्सिंग, म्हणजे शूटिंगचं एडिटिंग करतो. तेव्हा 80 जीबीची डिस्क असायची, तिच्यात जेमतेम सहा तास बसायचे. म्हणून आम्ही कॅसेट आधी टीव्हीवर बघायचो, वहीत टाइमकोड, म्हणजे टेपवर नोंदलेले तास-मिनिट-सेकंद लिहायचो (कुठून कुठपर्यंत, काय आहे, घ्यायचं की सोडायचं) आणि तेवढेच तुकडे उतरवायचो. अर्धं एडिटिंग त्या वहीतच व्हायचं.

तुम्ही 140 तास डिस्कवर ओताल. पुढे ते कोण बघणार? लग्नाच्या एका कॅसेटमध्ये चाळीस मिनिटं पंगत आणि आहेर असतो. कानबाईचं एक गाणं शोधायला तुमचा मुलगा दहा फाइली उघडेल आणि अकराव्याला सोडून देईल. पेटी होती तीच राहिली, फक्त माळ्यावरून डिस्कमध्ये गेली.

बोरीकाठ
डिस्क लहान होती म्हणून तुमची ती रीत पडली. आज ती अडचण उरलेली नाही. आज अडचण आहे ती कॅमेऱ्याची. काकांचा एकच कॅमेरा चालू आहे, त्याच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) किती तास शिल्लक आहेत देव जाणे. आधी बघायला एकदा आणि उतरवायला पुन्हा एकदा, म्हणजे प्रत्येक कॅसेट दोनदा चालवायची. हेडही झिजणार, जुनी टेपही. मला ते एकदाच करायचंय.

आणि पंगतीचंच ऐका. 17 नंबरची कॅसेट 2004 च्या लग्नाची. कॅमेरा पंगतीवर आहे, वाढपी वरण घेऊन पुढे सरकतोय, बघण्यासारखं काही नाही. पण मागे मांडवाच्या कोपऱ्यात चार-पाच म्हाताऱ्या अहिराणीत गाणं म्हणताहेत, सहा मिनिटं, सलग. त्या एकदाही चित्रात येत नाहीत. तुमच्या वहीत लिहिलं गेलं असतं, ‘पंगत, सोडा’.

भुसावळ जंक्शन
दोघंही उगाच ताणताय. तासाला 13 जीबी कशासाठी? लोक मोबाइलवर बघतात. सरळ एमपी4 करा, तासाला दोन जीबीत काम होतं, व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवता येतं. आणि फायरवायर आता आहे कुठे? नव्या लॅपटॉपला ते तोंडच नाही, ॲपलनं तर 2025 च्या मॅकओएसमधून त्याचा आधारही काढला. पिवळी-लाल-पांढरी केबल आणि यूएसबी कॅप्चर स्टिक लावली की झालं.

शहाद्याची लेक
दादा, हे नका सांगू कुणाला. आमच्या घरच्या तीन कॅसेटचं हेच झालं. एका दुकानदारानं पिवळ्या केबलनं त्या डीव्हीडीवर घेतल्या. हात हलला की कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात. कॅसेट परत मागायला गेले तर त्या सापडेनात. आज ती डीव्हीडीही वाचली जात नाही. माझे आजोबा चालताना फक्त त्या कॅसेटमध्ये होते.

मिनी डीव्हीवर चित्र आधीच डिजिटल आहे. फायरवायरनं घेतलं तर तेच आकडे जसेच्या तसे डिस्कवर येतात. पिवळ्या केबलमध्ये त्याचं आधी ॲनलॉग होतं, मग पुन्हा डिजिटल, आणि वर एमपी4 चा दाब. शिवाय डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून कापायला सोपं. शूटिंगची तारीख-वेळसुद्धा टेपवर चित्रासोबत नोंदलेली असते, पिवळ्या केबलनं घेतलं की ती जाते. मोबाइलसाठी एमपी4 जरूर करा, पण मूळ डीव्ही फाइलवरून.

जुना डेस्कटॉप आणि फायरवायर कार्ड अजून मिळतं. फक्त केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा, चालू असताना लावली तर पोर्ट जळू शकतो. आणि डिस्क एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या, जुन्या फॅट32 पद्धतीत एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे, वीस मिनिटांच्या आतच फाइल अडते.

पांझराकाठ
ताईंचं तांत्रिक बरोबर आहे, मीही कुणाला पिवळी केबल सुचवणार नाही. पण बोरीकाठ भाऊ, ‘एक कॅसेट, एक फाइल’ म्हणता तितकं सरळ नाही. शूटिंगवाला मध्येच मागे नेऊन पाहतो, मग थोडी टेप कोरी सोडून पुढे रेकॉर्ड करतो. तिथे टाइमकोड तुटतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तिथं कॅप्चर थांबतं. काही कॅसेटमध्ये अर्धा आवाज 12 बिट, अर्धा 16 बिट असतो, मग पुढे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. समोर बसून लक्ष नाही ठेवलं तर हे महिन्यांनी कळतं, आणि तोवर कॅमेरा गेलेला असतो.

आणि मी वहीचा आग्रह धरतो तो डिस्क वाचवायला नाही. तुमच्या त्या 17 नंबरमधल्या म्हाताऱ्या कोण? कुठल्या गावच्या? गाणं कुठलं? हे सांगू शकतील अशी माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत. टेप कदाचित अजून पाच वर्षं टिकेल. त्यांचं काय?

बोरीकाठ
हे मात्र पटलं. परवा आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि 17 नंबर लावली. पहिल्या ओळीलाच म्हणाली, “हाई तं मन्ही मावशी शे.” तो आवाज तिनं वीस वर्षांनी ऐकला. तीन वेळा मागे न्यायला लावलं. हे फाइलवरून, कॅसेटला हात न लावता.

म्हणून म्हणतो, आधी सगळं उतरवू द्या. वही हवीच, पण ती कॅसेट उतरत असतानाच भरायची. बाजूला घरातलं कुणी म्हातारं माणूस बसवून. ‘घ्या’ आणि ‘सोडा’ हे दोन रकाने माझ्या वहीत नसतील.

भुसावळ जंक्शन
140 तास म्हणजे रोज दोन कॅसेट धरल्या तरी सत्तर दिवस. नोकरी करून जमेल का?

बोरीकाठ
रोज एक. पाच महिने लागतील. कानबाईच्या आणि वहीगायनाच्या आधी घेतोय, लग्नं नंतर. आजवर 21 झाल्या.

पांझराकाठ
रकाने ठेवा, नंतर कामाला येतील. पंगतीबद्दल माझं मत तेच आहे, प्रत्येक पंगतीमागे मावशी नसते. पण 22 नंबर सुरू करायच्या आधी एक सांगा, एखादी कॅसेट लाँग प्ले, म्हणजे 90 मिनिटांवर भरलीय का? तशा असतील तर त्या काकांच्याच कॅमेऱ्यावर आधी काढून घ्या, दुसऱ्या मशीनवर त्या बहुधा चौकडी मारतात, म्हणजे चित्र चौकोनांत फुटतं. टाइमकोड तुटलेल्या बाजूला ठेवा. माझ्याकडे डेक (कॅसेट चालवायचं मशीन) चालू आहे, रविवारी घेऊन या.