तुमच्या दारात अजून पेपर पडतो का?

आमच्या जिन्यात सकाळी आता एकाच दारापुढे पेपर दिसतो, तळमजल्यावरच्या आजोबांच्या. बाकी आम्ही सगळे कधी थांबलो, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून विचारतेय. तुमच्याकडे पेपर कसा बंद झाला, कुणी केला? चालू असेल तर कशासाठी? ज्यांनी कधी पेपर टाकलेत त्यांनी तर लिहाच. 'वाचनसंस्कृती लोप पावली' एवढं म्हणून थांबू नका, घडलेलं सांगा.

डोंबिवलीकर:
टाळेबंदीत. मार्च 2020 मध्ये अंक यायचे थांबले, मग 18 एप्रिलला सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच बंदी केली. बाकी राज्यात काही दिवसांत सूट मिळाली, पण मुंबई-पुण्याचा पट्टा वगळलेला होता. जूनमध्ये आमच्याकडे परवानगी आली तेव्हा शेजारचे काका पेपरला इस्त्री करून मग वाचायचे. आमच्या बाबांना तोवर व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ उघडायला जमायला लागलं होतं. पेपरवाला येऊन विचारून गेला, 'साहेब, चालू करू का?' बाबा म्हणाले, 'पुढच्या महिन्यापासून बघू.' तो पुढचा महिना अजून आलेला नाही.

पहाटपाळी (नाशिक):
मी नववीपासून कॉलेज संपेपर्यंत लाइन टाकली, म्हणजे ठरलेल्या घरांत रोज पेपर टाकायची फेरी. पुरवण्या आदल्या रात्रीच येऊन पडायच्या, मुख्य अंकाची गाडी पहाटे. फुटपाथवर मांडी घालून पुरवण्या भरायच्या, त्यातच साडीच्या सेलची नाहीतर क्लासची पॅम्फ्लेटं सरकवायची. त्याचे पैसे वेगळे मिळायचे, म्हणून दसरा-दिवाळीला हात काळे झाले तरी आनंद. रात्रीची मॅच लांबली की गाडी उशिरा यायची आणि गिऱ्हाईकांच्या शिव्या आम्हाला. मॅच आम्हीच लांबवल्यासारख्या! दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत फेकायची घडी वेगळी असते, ती हवेत उलगडली की पेपर थेट खालच्या तुळशीत. सगळ्यात वाईट काम बिलाचं. सहाशे रुपयांची भाजी घेणारं घर पेपरच्या बिलाला 'रविवारी या' म्हणायचं.

आता मुद्दा. वाचक कमी झाले म्हणून धंदा बसला, असं सगळे म्हणतात. आमच्या भागात आधी पोरं कमी झाली. पहाटे चारला उठून महिन्याला जे मिळतं, ते पार्सल पोचवणारा पोरगा चार-पाच दिवसांत कमावतो, आणि तेही झोप पुरी करून. मग साठीतला मालक स्वतः सायकल काढतो. त्यात टॉवर आले. वॉचमन आत सोडत नाही, लिफ्टला अडवतो, मग गठ्ठा गेटवरच्या टेबलावर टाकायचा. दारात पडायचा म्हणून लोक पेपर घेत होते. खाली उतरून आणायचा म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदा वाटलं, हवाय कशाला? आमच्या कित्येक लाइनी अशा गेटवर मेल्या. मोबाईलचं नाव नंतर झालं.

मुक्काम पोस्ट:
आमच्या वाडीत पेपर एसटीने यायचा, अकराच्या गाडीला. कंडक्टर गठ्ठा खाली टाकायचा, तिथून एक अंक शाळेत, एक सलूनमध्ये, एक माजी सरपंचांकडे. वाचणारे मात्र सगळे. 2021-22 चा एसटीचा संप काही महिने चालला. संप मिटला, गाडी सुरू झाली, गठ्ठा परत आला नाही. एजंट म्हणाला, तीन-चार अंकांसाठी कोण हिशेब ठेवणार?

दुपारचीवाचक:
मला काही वाईट वाटत नाही, खरं सांगते. आमच्याकडे पेपर आधी सासऱ्यांकडे, मग नवऱ्याकडे, मग दिरांकडे जायचा. माझ्या हातात दुपारी दोनला यायचा, शब्दकोडं भरलेलं, तेही चुकीचं. आता माझ्या फोनवर ई-पेपर सगळ्यात आधी उघडतो. रद्दीचे पैसे तेवढे माझे असायचे, ते बुडाले. आणि हो, सासूबाई पेपर बंद करायच्या विरोधात होत्या. त्यांना निधनवार्ता वाचायच्या असत. त्यांच्या पिढीच्या बातम्या घरच्यांच्या ग्रुपवर कोण टाकणार?

हडसनकाठ (न्यू जर्सी):
इकडेही तेच, फक्त तारखा नेमक्या आहेत. 'जर्सी जर्नल' 1867 पासूनचं, 1 फेब्रुवारी 2025 ला कायमचं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी 'स्टार-लेजर'चा शेवटचा छापील अंक निघाला, आता ते फक्त ऑनलाइन. माँटव्हिलचा छापखानाच बंद होणार होता, आणि एकाच छपाईवर दोघांची भिस्त! जर्सी सिटीत आपण मिठाई-भाजीला जातो त्या इंडिया स्क्वेअरशेजारचा जर्नल स्क्वेअर याच पेपरच्या नावाचा. मी तिथे बरीच वर्षं ये-जा करतो, हे कळलं ते पेपर बंद झाल्याची बातमी वाचताना. अर्थात फोनवर.

काळाकोट (सोलापूर):
धंद्यापुरता मी अजून गिऱ्हाईक आहे. जमिनीच्या नाहीतर फ्लॅटच्या व्यवहाराआधी हरकती मागवायची जाहीर नोटीस पेपरात द्यायची रीत आहे. नोटीस छापून येते, मी पान कापून फाइलला लावतो, मुदत संपते, हरकत नाही. येणार कशी? ज्या भावकीने हरकत घ्यायची तिच्या घरात पेपर येत नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे तरी 'नोटीस दिली' असं लिहितात. मला तर हे पेपर बंद होण्यापेक्षा गंभीर वाटतं.

धागाकर्ती:
काळाकोट, हे डोक्यातच आलं नव्हतं. पहाटपाळी, तुमच्या जुन्या लाइनचं काय झालं?

पहाटपाळी (नाशिक):
आमची आणि शेजारच्या दोन अशा तीन लाइनी एकाच माणसाने घेतल्या, स्कूटरवर टाकतो. बिल फोनवर घेतो, तो एक सुधार. घरं थोडीच, बाकी दवाखाने, बँका, सलून. पण त्याचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिका. तिथे उशीर झाला तर लगेच फोन येतो. एका अभ्यासिकेने मागच्या वर्षापासून एकाच पेपरच्या दोन प्रती लावल्यात. कुणीतरी अग्रलेखाचं कात्रण कापून न्यायचं आणि मागच्या पानावरची बातमी गेली म्हणून रोज भांडणं व्हायची.