गोव्यात गावात घर बांधताना कोणी हरकत घेतली? अनुभव सांगा

डिचोलीवाला
परवा पंचायतीत घरपट्टी भरायला गेलो तर रांग पार दारापर्यंत. 'म्हजें घर' योजनेचे फॉर्म, म्हणजे सरकारची घरं कायदेशीर करून द्यायची योजना. माझ्यापुढे एक आजोबा, पिशवीत जुन्या घरपट्टीच्या पावत्या, लाइटबिलं, रेशनकार्ड सगळं जपून आणलेलं. काउंटरवरचा मुलगा त्यांना सांगतोय की आजोबा, घरपट्टी भरली म्हणून घर कायदेशीर होत नाही. आजोबा म्हणाले मग इतकी वर्षं पैसे कशाचे घेतलेत? रांगेतले सगळे हसले पण उत्तर कोणाकडेच नव्हतं.

तर ते बघून माझं घर बांधायचे दिवस आठवले. जमीन आमची, वडिलांच्या नावावर, सेटलमेंट झोन, कूळ नाही, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) नाही, म्हणजे कागदावर गुळगुळीत. तरी एक-चौदाचा उतारा (आपला सातबारा म्हणा), सर्व्हे प्लॅन, झोनिंग, मग सनद (बिनशेतीची परवानगी), मग टेक्निकल क्लिअरन्स, मग हेल्थची एनओसी आणि शेवटी पंचायतीचं लायसन्स. एवढं सगळं हातात आलं, नारळ फोडला, चिऱ्यांचा ट्रक खाली झाला आणि त्याच आठवड्यात काम थांबवायची नोटीस. हरकत कोणाची तर ज्या काकांच्या हातून नारळ फोडून घेतला त्यांचीच! म्हणे आमच्या जागेतून त्यांची देवळाकडे जायची वाट आहे. सर्व्हे प्लॅनवर वाट बिट काही नाही. पण खरं सांगायचं तर वाट होती, मी स्वतः लहानपणी त्या वाटेने पालखीला गेलोय. मग काय करणार, प्लॅन सरकवला, रिवाइज्ड प्लॅन, परत सगळी ऑफिसं. काका आता स्कूटरने डांबरी रस्त्याने देवळात जातात, वाटेवर टाकळा वाढलाय.

माझं मत असं की गावात कायद्याची हरकत फार कमी. बहुतेक वेळा जुनं काहीतरी खुपत असतं आणि त्याला कुठल्यातरी कलमाचा नंबर जोडलेला असतो. तुमचे अनुभव लिहा. पंचायतीचं, माणसांचं नाव नको, उगाच दुसरी नोटीस यायची.

माकडांचा_शेजारी
पात्रांव, कागदांची यादी वाचूनच बीपी वाढला. मी नुसती पडवी वाढवली होती, त्यावर तीन वर्षं गाजतंय. संध्याकाळी लिहितो, आता गॅसवर पेज आहे

पेडण्याची_बाय
तुमच्या उताऱ्यावर एकच नाव म्हणजे तुम्ही श्रीमंत माणूस हो. आमच्या एक-चौदावर पानभर नावं, त्यातली अर्धी माणसं वर गेलेली, उरलेल्यातली काही गिरगावात, एक बेळगावला, एकजण लिस्बनला म्हणे, त्याला कोणी बघितलेलंच नाही. घर पडायला आलेलं, मागची भिंत पावसात ओली होऊन फुगलेली, तिथे एक खोली पाडून दोन काढायच्या होत्या बस. इंजिनीअर म्हणाला सहमालकांची एनओसी आणा. आणि आपल्याकडे पोर्तुगीज कायद्याने नवरा बायको अर्धे अर्धे, म्हणून नुसती भावाची सही चालत नाही, वहिनीची पण पाहिजे. मोठे दीर तयार होते, जाऊबाई नाही. कारण?? एका चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळीला (फळांच्या मांडवीला) बांधायचं तोरंजन, मोठ्या लिंबासारखं फळ ते, मी आमच्या माहेरच्यांना दिलं होतं!! एक तोरंजन! ते त्यांनी मनात ठेवलेलं. मी स्वतः गेले, पाया पडले, नेवऱ्या घेऊन गेले, म्हणाल्या बघू. अजून बघतायत. शेवटी कोर्टात इन्व्हेंटरी घातली वाटणीसाठी, वकील म्हणतो चालू आहे. भिंतीला वासे लावून टेकू दिलाय.

कुळागरकर
तोरंजन, देवा :))) आमच्याकडे फणसावरून झालेलं

पेडण्याची_बाय
हसा हसा. तुम्ही फणसाचं लिहा आता

कुळागरकर
काही नाही हो, फणस हद्दीवर, मुळं आमच्यात फांद्या त्यांच्यात. आम्ही कंपाउंड घालायला लायसन्स मागितलं, त्यांनी लेखी दिलं की कंपाउंडमुळे पावसाच्या पाण्याचा व्हाळ अडेल. व्हाळ दुसऱ्या बाजूला आहे. साइट इन्स्पेक्शनला सगळे आले, पंच आले, सचिव आले, व्हाळ बघितला, फणस बघितला, एकजण म्हणाला रसाळ की कापा? कापा म्हटल्यावर दोन फणस घेऊन गेले. निर्णय पुढच्या मीटिंगला.

चिरेबंदी
मी ड्राफ्टिंग करतो, फोंडा भागात, रोज हीच कामं. थोडी बाजू आमची पण ऐका. लोक जागा आधी घेतात आणि झोनिंग नंतर बघतात. ऑर्चर्ड (बागायती) झोनमध्ये पाचशे मीटरचा तुकडा कोणीतरी स्वस्तात गळ्यात मारतो आणि मग माझ्याकडे येतात की फार्महाऊस काढून द्या. फार्महाऊसला कमीत कमी ४००० चौरस मीटर लागतात, मी कुठून आणू? दुसरं म्हणजे कुळाची जमीन. १९९१ चा लँड यूज कायदा आहे, कुळाने घेतलेली शेतजमीन शेतीशिवाय कशाला वापरता येत नाही, मग तिथे तुम्ही सनद मागा नाहीतर देवाला कौल लावा. तिसरं, उतार. २५ टक्क्यांच्या वर उतार असला की तिथे बांधकाम नाही, पण जेसीबीवाला आधी येऊन सपाट करून जातो आणि मग मला म्हणतात काँटूर प्लॅनमध्ये सपाट दाखव.

आणि पंचायत अर्ज घेऊन नुसती बसली तर हातावर हात ठेवून बसू नका. पंचायत राज कायद्याच्या ६६ कलमाखाली ३० दिवसांत निर्णय कळवायचा असतो, नाही कळवला तर डेप्युटी डायरेक्टरकडे अपील घालता येतं. फक्त अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासकट घ्या. लोक पोचच घेत नाहीत, सचिव ओळखीचा म्हणून.

डिचोलीवाला
पोच मागितली तर "आमच्यावर विश्वास नाही?" असं तोंड करतात हो

चिरेबंदी
करू दे तोंड. शिक्का घ्या.

सत्तरीकडला
मी हरकत घेणारा आहे. घाला शिव्या.

आमच्या वाड्याच्या वर डोंगर आहे, खाली आमची पोफळी, माड, केळी, पाटाचं पाणी. एका मेमध्ये शनिवारी दुपारी ऑफिसं बंद असताना वर जेसीबी चढला आणि सोमवारी सकाळपर्यंत डोंगराचा खांदाच गायब. पहिल्या मोठ्या पावसात लाल माती खाली, पाटात, विहिरीत. सासू विहिरीवर गेली ती रिकामी कळशी घेऊन परत आली, म्हणाली पाणी चहासारखं झालंय. मी लेखी तक्रार दिली. नगर नियोजन कायद्यात १७अ आहे, परवानगीशिवाय डोंगर कापायचा नाही आणि सखल भाग भरायचा नाही. फोटो लावले, आरटीआय घातली. काय झालं? ग्रामसभेत मला विकासाच्या आड येणारा म्हणाले. म्हणणारे कोण, तर ज्यांच्या पोरांना वर वॉचमनची नोकरी देतो म्हणून सांगितलेलं ते. नोकरी नंतर कोणाला लागली नाही.

आणि गंमत, त्याच ग्रामसभेत आमच्या भावाच्या संडासाला हरकत होती. संडासाला! टाकी हद्दीला टेकते म्हणून. वर अख्खा डोंगर कापला ते कोणाला दिसेना आणि हे दिसलं. म्हणून म्हणतो डिचोलीवाल्यांनू, सगळ्या हरकती जुन्या भांडणाच्या नसतात. २००६-०७ साली लोकांनी हरकत घेतली नसती तर गोव्याच्या जमीनवापराचा रीजनल प्लॅन २०११ रद्द झाला असता का? आणि त्याच नगर नियोजन कायद्याच्या १७(२) खाली एक एक प्लॉट झोन बदलून घेत होते, त्याचे नियम २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने रद्द केले, ते पण कोणीतरी कोर्टात गेलं म्हणूनच ना.

डिचोलीवाला
मान्य हो, तुमची गोष्ट वेगळी. मी वाटेच्या अन् फणसाच्या हरकतींबद्दल म्हणत होतो. विहीर साफ झाली का?

सत्तरीकडला
दोन वेळा उपसली. पिण्याला नळाचं घेतो, विहिरीचं झाडांना. सासू अजून त्या पाण्याला चहाच म्हणते.

पेडण्याची_बाय
😡 संडासाला हरकत घेणारे लोक आमच्यातही आहेत

भाटातली
आमच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही, मुंडकारांबद्दल. आजी भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे माडांच्या बागेत राहायची, माडांची राखण करायची, आजोबा पाडेली, नारळ पाडणारे. १९७५ चा मुंडकार कायदा आला, त्यात गावात ३०० चौरस मीटरपर्यंत घराखालची जागा विकत घेता येते, हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे कारण बाबा रोज तेच बोलायचे. केस मामलेदाराकडे. तारखा, तारखा, तारखा. मामलेदार बदलला की पहिल्यापासून. बाबा गेले, आता केसमध्ये माझं आणि भावाचं नाव. तोपर्यंत घराला हात लावला की हरकत. नळे (कौलं) काढून पत्रे घातले तर म्हणाले स्वरूप बदललं, हरकत. भाटकाराचं स्वतःचं घर बघाल तर आत रुमडाचं झाड वाढलंय, छप्पर खाली आलंय, कोणी राहत नाही तिथे, पण आमच्या पत्र्यांवर बारीक लक्ष. म्हणजे लक्ष त्यांचं नाही, त्यांच्या वकिलाचं.

लग्नाच्या वेळी मुलाकडचे विचारायचे घर स्वतःचं का? काय सांगणार. आई म्हणायची, हो, स्वतःचंच, फक्त खालची जमीन सोडून.

कुळागरकर
आईला दंडवत

भाटातली
😊 आई एकदम कडक आहे

दोडामार्गचा_जावई
सासुरवाडी बार्देशात म्हणून विचारतो, आमच्याकडे महाराष्ट्रात सातबारा आणि एनए, तुमच्याकडे एक-चौदा आणि सनद, तर दोन्ही सारखंच का? आणि चिरे आमच्याकडून आणले तर चालतात ना

चिरेबंदी
साधारण सारखंच. सनद म्हणजे शेतजमीन बिनशेती करायची परवानगी, लँड रेव्हेन्यू कोड १९६८ चं कलम ३२, कलेक्टरकडून मिळते. चिरे आणताना ट्रकवाल्याकडे खनिजाचे पास आहेत का ते बघा नाहीतर चेकनाक्यावर रात्र काढाल.

माकडांचा_शेजारी
आलो. पडवीचं सांगतो. घर जुनं, सर्व्हे प्लॅनवर दाखवलेलं, म्हणजे एकदम पक्कं, ते कोणी पाडू शकत नाही असं सगळे म्हणतात. मी पुढे फक्त पडवी काढली, चार खांब अन् वर पत्रा, कारण नळ्यांवर माकडं नाचतात. आमच्याकडे माकडं म्हणजे माणसांपेक्षा शिस्तीत येतात, सकाळी पपई, दुपारी नळे. दर पावसाच्या तोंडावर नळे बदलायचे, आता नळे शाकारणारा माणूस पण मिळत नाही, एक होता तो कतारला गेला. म्हणून पत्रा. तर समोरच्याने तक्रार केली की पडवी रस्त्याच्या सेटबॅकमध्ये (रस्त्यालगत सोडायच्या जागेत) येते. आहे थोडी, नाही म्हणत नाही. पण त्याची स्वतःची भिंत गटारावर आहे! मी पण मग तक्रार दिली. आता दोघांच्या फाइली एकाच टेबलावर एकावर एक आहेत, क्लार्क म्हणाला तुम्ही दोघं आपसात बोला ना. २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने रस्त्याकडेच्या बेकायदा बांधकामांवर कडक आदेश दिला तेव्हा आम्ही दोघेही घाबरून एकाच दिवशी वकिलाकडे गेलो. एकाच वकिलाकडे :)) तिथल्या बाकावर शेजारी बसलो, त्याने विडी दिली.

पेडण्याची_बाय
मग मिटलं का?

माकडांचा_शेजारी
कुठलं. वकील म्हणाला दोघांची केस मी घेऊ शकत नाही. मी आधी आलो होतो म्हणून मला ठेवला, त्याने दुसरा केला. विडीचं तेवढं चालू आहे.

गावकार
कोमुनिदादच्या (गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेच्या) जमिनीवर बांधलेल्यांचं काय ते पण कोणीतरी लिहा, आमच्याकडे तर अर्धा वाडा तसाच आहे. बेकायदा बांधकामं नियमित करायच्या २०१६ च्या कायद्याखाली पुष्कळांनी अर्ज घातले, २८ फेब्रुवारी २०१४ च्या आधीचं बांधकाम असेल तर. आता परत नवीन फॉर्म. गावकार म्हणजे कोमुनिदादचा सभासद म्हणून मला वाटतं जमीन कोमुनिदादची ती कोमुनिदादचीच राहावी, पण त्या वाड्यावरचीच माणसं आमच्या जत्रेला मांडव घालतात, त्यांना जा म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार. मी मीटिंगला गप्प बसतो.

भाटातली
गप्प बसणारे पण बरेच, किमान हरकत तरी घेत नाहीत

दोडामार्गचा_जावई
विषय सोडून विचारतो, माकडांना पत्र्याचा आवाज आवडतो का हो? आमच्याकडे पत्रा घातल्यावर जास्त यायला लागली

माकडांचा_शेजारी
आवडतो!! सकाळी साडेसहाला ड्रम. पण नळे फुटण्यापेक्षा बरं. कोणाकडे जुने मंगळुरी नळे असतील तर सांगा, मागच्या बाजूला अजून नळेच आहेत आणि नवीन त्या मापात बसत नाहीत.

कुळागरकर
आमच्या गोठ्याचे काढलेत, चांगले तीनशे तरी निघतील. येऊन घेऊन जा, पैसे नकोत. फणसाच्या बाजूने गाडी आणू नका फक्त, तिकडून आणली तर शेजारी म्हणेल वाट पाडली.

पेडण्याची_बाय
मला पण पन्नास ठेवा हो, मागच्या भिंतीवर झाकायला

सत्तरीकडला
चिरेबंदी, एक विचारायचं राहिलं. नवीन विहीर खणायची तर पंचायतीचं लायसन्स पुरतं का?

चिरेबंदी
नाही. २००२ चा भूजल कायदा आहे, जलस्रोत खात्याच्या भूजल अधिकाऱ्याची परवानगी लागते, बोअर असो की विहीर. जागा आधी दाखवा आणि मग खणा. आणि पोच घ्या.