शेवटचं सेमिस्टर आणि व्हिसाची फाइल : तुमचे अनुभव लिहा ना

निळीशाई

काल रात्री भाचीचा फोन आला होता. शेवटचं सेमिस्टर चालू आहे, जोडीदार डच, आणि पोरगी अगदी रडकुंडीला येऊन विचारत होती, मावशी प्रोजेक्ट राहू दे का, आधी तिकडे जाते, परीक्षा नंतर येऊन देईन. मी ताडकन "अजिबात नाही" म्हणून मोकळी झाले आणि मग मलाच झोप येईना. उठून कपाटातून जुनी प्रोजेक्टची वही काढली.

२०११. एमएस्सीचं शेवटचं वर्ष. लग्न रजिस्टर होऊन दोन महिने झालेले, नवरा जर्मन, तो तिकडे आणि मी इकडे. २००७ पासून तिकडे नियम आहे, नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं तर ए-वन म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन आधी पास व्हायचं, मगच व्हिसा. तर त्या वहीत पुढून टायट्रेशनची रीडिंग्ज आणि उलटी धरून मागून डेर-डी-दास, म्हणजे जर्मनचा अभ्यास. मार्चपर्यंत दोन्ही बाजू मधे येऊन भिडल्यात. एका पानावर ब्युरेटच्या रीडिंगला खेटून मी "इश बिन, दू बिस्ट" लिहिलंय, त्याला गाइडबाईंनी लाल पेनानी गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय "हे कुठल्या प्रयोगाचं?" आणि खाली बारीक अक्षरात, "पास हो."

तोंडी परीक्षेत नाव एकेक अक्षर सुटं करून सांगायला लावतात, एखादा नंबरही. मी स्टँड पुसता पुसता आडनाव स्पेल करायचे. लेखीत साधारण ३० शब्दांचं छोटं पत्र. १०० पैकी ६० लागतात, मला ८१ पडले. रूममेट रोज रात्री माझ्याकडून शब्दांची कार्डं म्हणून घ्यायची, तिची स्वतःची परीक्षा तोंडावर असताना.

एक मात्र राहिलंच. सबमिशन झालं त्या दिवशी सगळा वर्ग गच्चीवर फोटो काढायला गेला आणि मी व्हिसाच्या अपॉइंटमेंटला. त्या फोटोत मी नाहीये. आज चौदा-पंधरा वर्षांनी पण तो फोटो ग्रुपवर आला की मी पटकन पुढे सरकवते.

ज्यांचं कॉलेज संपणं आणि देश सोडणं एकाच वेळी आलं त्यांनी लिहा ना. काय नीट झालं, काय चुकलं. भाचीला वाचायला देणार आहे.

मधलीखिडकी

डच आहे म्हणजे बासिस-एक्झामेन, तिकडे जाण्याआधीची डचची परीक्षा, द्यावीच लागणार तिला, सांगून ठेव. तीन भाग असतात, बोलणं, वाचणं, आणि देशाची माहिती. वकिलातीत कॉम्प्युटरपुढे हेडफोन लावून बसायचं. माहितीचा भाग मला सोपा गेला, १०० प्रश्नांचा संच आधीच मिळतो, त्यातलेच ३० येतात, चित्र दाखवून विचारतात. बोलण्याचा भाग अवघड अशासाठी की समोर माणूसच नाही, आपण मशीनशी बोलतो, मान डोलावणारं कुणी नाही. मी डेझर्टेशनची डेटा एंट्री करताना कानात सतत डच लावून ठेवायचे, समजो न समजो. त्याचा उपयोग झाला. बाकी संध्याकाळी लिहिते, बाळ उठलं

पाऊसवेडा

"पास हो" वाचून डोळ्यात पाणी आलं हो ताई. अशा बाई मिळायला नशीब लागतं.

दूरचीगाडी

माझं अमेरिकेचं, के-वन म्हणजे फियान्से व्हिसा. तो हातात आला की सहा महिन्यांच्या आत जायचं आणि पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न करायचं, आणि अर्ज करायच्या आधीच्या दोन वर्षांत एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलं असावं लागतं, त्यामुळे आमच्याकडे तिकिटं बोर्डिंग पास फोटो सगळ्याचा गठ्ठा, मी तर थिसिसच्या परिशिष्टासारखे नंबर घालून लावले होते, परिशिष्ट अ विमानतळ परिशिष्ट ब त्याच्या आजीचा वाढदिवस असं. इंटरव्ह्यूची तारीख व्हायवाच्या पाच दिवस आधी आली. गाइड म्हणाले जाऊन ये, व्हायवात तुला काही अडणार नाही. ते बरोबर निघालं.

पण खरी गोष्ट पुढची आहे आणि भाचीनी नाही तर इतर कुणी तरी वाचा म्हणून लिहितेय. लग्नानंतर ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला की अ‍ॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत यायची परवानगी) हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, टाकलंत तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आमचा पदवीदान समारंभ नेमका त्याच काळात. मला दुसऱ्या क्रमांकाचं पदक होतं. बाबांनी ते घेतलं. आईने व्हिडिओ कॉल लावून धरला होता, पण हात इतका थरथरत होता की मला फक्त छत आणि बाबांचा खांदा दिसला, आणि माझं नाव ऐकू आलं. तिकडे रात्रीचे अडीच. मी स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या वाजवल्या.

निळीशाई

दूरचीगाडी, काय लिहू गं. बाबांचा खांदा.

मधलीखिडकी

@दूरचीगाडी पदक आता कुठेय?

दूरचीगाडी

आईकडेच. तिला म्हणलं राहू दे तुझ्याकडे, तिने देवाजवळ ठेवलंय.

कोरीवही

डेन्मार्क. तिकडे २००२ पासून नियम आहे, दोघंही २४ च्या वर असल्याशिवाय जोडीदाराला सहसा परवाना देत नाहीत. मी २२ ची, तो २३ चा. आम्हाला हे कळलं तेव्हा मी बीएच्या शेवटच्या वर्षात, बॅग मनातल्या मनात भरून झालेली. खूप चिडले होते, कुणीतरी परक्या माणसाने माझं वय मोजून थांब म्हणावं याचा संताप यायचा. त्याचे दोन मित्र अशाच अडचणीमुळे पलीकडे स्वीडनमधे मालम्योला राहायला गेले होते आणि रोज पूल ओलांडून कोपनहेगनला कामाला यायचे, २००० मधे तो पूल झाला म्हणून निदान तेवढं जमलं त्यांना. आम्ही मात्र थांबायचं ठरवलं आणि मी एमए केलं. आता सांगते, ते एमएच माझं आयुष्य आहे. भाषाशास्त्र घेतलं कारण डॅनिश शिकताना उच्चार कळेनात, लिहितात एक म्हणतात एक, त्यातनं विषयाचाच नाद लागला. नियम मला आजही अन्यायाचाच वाटतो हे पण लिहून ठेवते.

उंबरठा

मेडिकल, डेंटल, फिजिओ, नर्सिंग असं काही शिकणाऱ्या मुलामुलींनी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, इंटर्नशिप अर्धी सोडून जाऊ नका. मी बीडीएस. इंटर्नशिपचे चार महिने उरले होते आणि नवरा (जर्मन) म्हणत होता ये आता. सोडून गेले असते तर इथलं कायमचं रजिस्ट्रेशन नाही, आणि तिथल्या अप्रोबात्सियोनच्या, म्हणजे प्रॅक्टिस करायच्या परवान्याच्या, फाइलला सगळा अभ्यासक्रम तासांसकट लागतो, कुठल्या विषयाचे किती तास, थिअरी किती प्रॅक्टिकल किती. ते तासांचं पत्र कॉलेजच्या ऑफिसातून मिळवायला मला सहा फेऱ्या पडल्या. मी स्वतः तिथे हजर होते म्हणून सहात झालं. परदेशातून ईमेल करून ते पत्र मागणाऱ्या मैत्रिणीला वर्ष लागलं.

आणि भाषा, ए-वनवर दार उघडतं फक्त. डॉक्टर-डेंटिस्टला बी-टू आणि वर सी-वन पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा. पेशंट "दुखतंय" हे किती प्रकारांनी सांगतो ते शिकायला मला दोन वर्षं लागली. ठणकतंय, सणक मारते, टोचतंय. मी आपले मराठीतले सगळे शब्द एका कागदावर काढले आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना नक्कल करून दाखवायचे, त्या जर्मन शब्द सांगायच्या.

पाऊसवेडा

हे कसलं भारी आहे. त्या कागदाचा फोटो टाका ना.

उंबरठा

शोधते. दोनदा घर बदललंय पण असणार.

अबोली२२

मी आत्ताच या सगळ्यात आहे. जपान. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लांबला आणि तिकडून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हिसाच्या अर्जाला लागणारा तिकडचा दाखला) लवकर आलं, ते तीन महिनेच चालतं, तेवढ्यात जायला हवं. रोज निकालाची साइट बघते. त्या अर्जात आठ पानी प्रश्नावली होती, कुठे भेटलात, कुणी ओळख करून दिली, एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलता, भाषा समजली नाही तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोघं फोनवर बराच वेळ गप्प. मग तो म्हणाला लिही, चित्र काढतो. खरंच काढतो तो.

एक विचारायचं होतं, मार्कशीट आणि सर्टिफिकेटं लॅमिनेट करून नेऊ का, तिकडे दमट हवा असते म्हणे

एकपानी

अबोली लॅमिनेट अजिबात नको!!! अटेस्टेशनला घेत नाहीत, शिक्का आणि स्टिकर कागदावर बसावा लागतो. प्लास्टिकच्या साध्या पारदर्शक पाऊचमधे ठेव.

ट्रान्सक्रिप्टचे निदान पाच संच काढ, त्यातले दोन युनिव्हर्सिटीच्या सीलबंद पाकिटात, आणि ते पाकीट आपण फोडायचं नाही. अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, इथे असतानाच करून घे. हेगचा करार १९६१ चा, आपण २००५ मधे आलो त्यात. कॅनडा थेट २०२४ च्या जानेवारीत आला, त्यामुळे माझ्या वेळी वकिलातीच्या चकरा वेगळ्या झाल्या, तुमच्या वाचतील. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, मार्कशीट, लग्नाचा दाखला तिन्हीकडे एकच आहे का ते आज रात्रीच बघ. माझ्या मार्कशीटवर वडलांच्या नावात एक ए जास्त होता, तेवढ्यासाठी अ‍ॅफिडेव्हिट, आणि त्याचं पण अपोस्टिल.

अबोली२२

बघितलं. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव वेगळं आहे 😭

एकपानी

दहावीचं बहुतेक कुणी मागणार नाही, घाबरू नको. पण बोर्डात अर्ज देऊन ठेव.

वाटसरू_७

पुरुषांपैकी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बायको ब्रिटिश. आम्ही दोघंही तेव्हा शेवटच्या वर्षाला, ती तिकडे मी इकडे. तिकडच्या जोडीदाराचा पगार ठरावीक रकमेच्या वर दाखवावा लागतो, आमच्या वेळी १८,६०० पौंड होता, एप्रिल २०२४ पासून २९,००० झालाय. माझी इकडची कमाई धरत नाहीत. म्हणजे तिने पदवी संपवायची, नोकरी मिळवायची, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जमवायच्या, मग मी अर्ज करायचा. तिला चित्रकलेत पुढे शिकायचं होतं. ते बाजूला ठेवून तिने विम्याच्या ऑफिसात नोकरी धरली, माझ्यासाठी. घरचे सगळे मला म्हणायचे की तू केवढा त्याग करतोयस, देश सोडतोयस. तिच्या सहा स्लिपा माझ्याकडे अजून आहेत. गेल्या वर्षी तिने चित्रकलेचं शिक्षण पूर्ण केलं, त्या दिवशी मी सुट्टी काढून पहिल्या रांगेत बसलो होतो.

माझी पदवी इंग्रजीतून होती, ते तपासून पत्र मिळालं त्यामुळे इंग्रजीची वेगळी परीक्षा वाचली. म्हणजे पदवी पूर्ण करण्याचा असाही फायदा, भाचीबाईंना सांगा.

रिकामीबाक

मी गेले नाही. सगळं झालं होतं, भाषा पास, कागद तयार, शेवटचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात आमचं संपलं. कारण लिहीत नाही. तेव्हा वाटलं वर्ष वाया गेलं. पण पदवी माझ्या हातात होती, आणि फ्रेंच पण, आज त्याच फ्रेंचवर घर चालतं माझं. निळीशाई, तुम्ही भाचीला अजिबात नाही म्हणालात ते बरं केलंत. पदवी तिची एकटीची आहे.

निळीशाई

रिकामीबाक 🙏 हे तिला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली डचची परीक्षा प्रोजेक्ट सबमिट झाल्यावर तीन आठवड्यांनी घेते आणि वर्गाच्या फोटोच्या दिवशी कुठलीच अपॉइंटमेंट घेणार नाही. मधलीखिडकी, तिला त्या १०० प्रश्नांबद्दल विचारायचंय, मेसेज करू दे का?

मधलीखिडकी

करू दे की, रात्री नऊनंतर मोकळी असते. हेडफोन स्वतःचे वापरू देत नाहीत, तिथलेच घालायचे, ते पण सांग

अबोली२२

निकाल लागला!!!! पास, ७.९!!

पाऊसवेडा

अभिनंदन अबोली 🎉

एकपानी

वा! आता उद्या सकाळी उठून पहिलं ट्रान्सक्रिप्टचा अर्ज. कॉलेजात गर्दी व्हायच्या आत जा.

अबोली२२

हो काका. भाषांतराची जी पानं स्टेपल करून दिलीयेत त्यांच्या पिना स्कॅनला काढू का?

एकपानी

काढू नको. कोपरा दुमडून शिक्का दोन्ही पानांवर मारलेला असतो, पिन निघाली की पानं बदलली अशी शंका घेतात. तसंच उघडून स्कॅन कर, जरा वाकडं आलं तरी चालतं.