मदत हवी आहे: पुरातल्या बससेवेचा भरपाईचा दावा तिसऱ्यांदा परत आला

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. २०२४ च्या हेलीन वादळात आमच्या बससेवेचा जो खर्च आणि नुकसान झालं, त्याचा दावा परीक्षणातून तिसऱ्यांदा परत आलाय. दर वेळी मी आणखी कागद जोडले. आता फाइल ३४० पानांची झाली आहे. शुक्रवारी परत द्यायची आहे आणि ऑफिसात हे काम करणारी मी एकटीच. इथे कुणी अमेरिकेत ट्रान्झिट (सार्वजनिक वाहतूक) किंवा ग्रँट्सचं काम करतं का? परीक्षणाला नेमकं हवं तरी काय असतं? गूगलवर सगळं वाचून झालंय, कृपया लिंका देऊ नका.

न्यूजर्सीकर
ताई, दावा परत कुणी पाठवला? फेमाने (केंद्राचं आपत्ती-मदत खातं), एफटीएने (केंद्राचं सार्वजनिक वाहतूक खातं) की राज्याच्या खात्याने? शेरा काय लिहिलाय? राज्य कोणतं? एवढं सांगितल्याशिवाय काहीच बोलता येणार नाही.

सह्याद्री_ते_स्मोकी
फेमाच्या नादी लागूच नका. ट्रान्झिटसाठी एफटीएचा इमर्जन्सी रिलीफ कार्यक्रम वेगळा आहे. तिथे केंद्राचा वाटा ८० टक्क्यांपर्यंत, फेमात किमान ७५. सरळ तिकडे अर्ज करा.

न्यूजर्सीकर
अहो, असा सरळ अर्ज होत नाही. त्या कार्यक्रमाची स्वतःची कायम भरलेली तिजोरी नाही. एखाद्या आपत्तीसाठी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, पैसे मंजूर केले तरच तो चालतो. कार्यक्रमाचा कायदा २०१२ च्या जुलैत झाला, १ ऑक्टोबरला लागू झाला आणि २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आलं. तेव्हा खात्यात काहीच नव्हतं. २०१३ च्या जानेवारीत १०.९ अब्ज डॉलर मंजूर झाले, मग त्यातही कपात झाली. मी तेव्हा इथल्या एका संस्थेत कंत्राटदार म्हणून हेच कागद तपासत होतो, म्हणून सांगतोय. आणि एकच खर्च दोन्हीकडे दाखवला तर दोन्हीकडून अडकाल.

सह्याद्री_ते_स्मोकी
दोन्हीकडे दाखवा असं मी म्हटलेलंच नाही. पण विचारायला काय हरकत आहे?

न्यूजर्सीकर
विचारायला काहीच हरकत नाही. टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलिना असेल तर एफटीएचं विभागीय कार्यालय अटलांटाला, व्हर्जिनिया असेल तर फिलाडेल्फियाला. म्हणूनच राज्य विचारलं.

घरटं
आमच्या ओळखीच्यांचं घर हेलीनमध्ये गेलं. त्यांनी फेमाची वैयक्तिक मदत आणि एसबीएचं (केंद्राचं लघुउद्योग खातं) कर्ज दोन्हीसाठी अर्ज केला होता. एसबीए फक्त धंद्यांना देते असं लोकांना वाटतं, पण घरमालकांनाही कमी व्याजाने कर्ज मिळतं. ताई, घराचे फोटो, भाडेकरार, विजेचं बिल जपून ठेवा.

डोंगरवाट
घरटं, आभार, पण माझं घर सुखरूप आहे. प्रश्न ऑफिसचा आहे.
राज्याचं नाव देत नाही, नोकरीचा प्रश्न आहे. डोंगरातल्या एका काउंटीची छोटी सेवा. अकरा व्हॅन, चार छोट्या बस. मुख्य काम म्हणजे डायलिसिसचे पेशंट आणि म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणं-आणणं. पाणी चढलं त्या रात्रीपासून पुढचे नऊ दिवस आमच्या ड्रायव्हरांनी लोकांना घरातून काढून निवाऱ्यात पोचवलं. काहीजण व्हॅनमध्येच झोपले. दोन व्हॅन वाहून गेल्या. या माणसांनी केलेल्या कामाचे पैसे कागदावरून बुडावेत हे मला सहन होत नाहीये.
दावा फेमाचा, राज्यामार्फत. शेऱ्यात तीनच ओळी आहेत: "लेबर नॉट सेग्रिगेटेड. इक्विपमेंट रेट, सी फ्युएल. डीओबी?" पहिलं तर मी केलंय! एकोणीस ड्रायव्हर, प्रत्येकाची वेगळी शीट आहे. इंधनाच्याही सगळ्या पावत्या लावल्यात, दर वेळी आणखी शोधून लावल्या.

रातराणी
ताई, मी एसटीत ३१ वर्षं काढली, शेवटची लेखा शाखेत. २०२१ च्या जुलैत चिपळूणचं आगार पाण्याखाली गेलं, तेव्हा आगारप्रमुख रोकड वाचवायला बसच्या टपावर बसून राहिले होते. अशा वेळी कागद कसा टिकवायचा ते आम्हाला माहीत आहे. सगळ्यात आधी पंचनामा. गाडी क्रमांक, चासी क्रमांक, पाणी कुठवर चढलं त्याची भिंतीवरची खूण, तारखेसकट फोटो आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. पंचनामा नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

पुणेरी_मिसळ
काका, तिकडे पंचनामा नसतो. ताई, माहितीचा अधिकार वापरा. अर्ज टाकला की परीक्षकाची टिपणं मिळतील.

न्यूजर्सीकर
इथल्या माहिती कायद्यात केंद्राच्या खात्याला उत्तरासाठीच वीस कामाचे दिवस असतात. शुक्रवार केव्हाच निघून जाईल. शिवाय फाइल राज्याकडे आहे, त्यांचा कायदा निराळा.
रातराणी काका, तुमचं मात्र बरोबर आहे. नाव वेगळं असलं तरी त्यांना हवं असतं तेच. वाहून गेलेल्या व्हॅनचा ओळख क्रमांक आणि तारीख असलेला फोटो हवाच.

नियमावली
एक मुद्दा कुणीच मांडला नाही. पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्टप्रमाणे केंद्राच्या प्रत्येक फॉर्मवर ओएमबीचा (केंद्राचं अंदाजपत्रक कार्यालय) चालू नियंत्रण क्रमांक लागतो. तो नसेल किंवा मुदत संपली असेल तर फॉर्म भरला नाही म्हणून लाभ नाकारता येत नाही. ताई, फॉर्मच्या कोपऱ्यातली तारीख बघा.

न्यूजर्सीकर
हे केंद्राच्या फॉर्मला लागू. राज्याने स्वतःच्या सोयीसाठी काढलेल्या शीटला नाही. आणि मुद्दा जिंकूनही माहिती दुसऱ्या रीतीने द्यावीच लागते. दावा ज्याचा, आकडे त्यानेच सिद्ध करायचे.

नियमावली
मान्य. पण त्या कायद्याचा दुसरा उपयोग आहे. फॉर्मची मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. नूतनीकरणाआधी फेडरल रजिस्टरमध्ये (केंद्राचं राजपत्र) सूचना निघते, आधी साठ दिवसांची, मग तीस दिवसांची. फॉर्म भरायला किती तास लागतात याचा खात्याचा अंदाज तिथे छापलेला असतो. ताईंसारख्या छोट्या सेवांनी तिथे लेखी कळवायला हवं की एका माणसाच्या ऑफिसात हा अंदाज टिकत नाही. मोठ्या शहरांच्या संस्था कळवतात, काउंट्या गप्प राहतात. मग फॉर्म मोठ्यांच्याच मापाचे होतात.

डोंगरवाट
नंतर नक्की लिहीन, मनापासून. आता शुक्रवारचं सांगा.

न्यूजर्सीकर
सांगतो. "सेग्रिगेटेड" म्हणजे माणसांनुसार वेगळं नव्हे, तासांनुसार वेगळं. तातडीच्या कामात नेहमीच्या पगारी माणसांचे नियमित तास फेमा देत नाही, कारण तो पगार तुमच्या अंदाजपत्रकात होताच. फक्त ओव्हरटाइम मिळतो. आपत्तीसाठीच तात्पुरते घेतलेले ड्रायव्हर असतील तर त्यांचे दोन्ही तास चालतात. तुमच्या शीटमध्ये नियमित आणि जादा तासांची एकच बेरीज आहे का?

डोंगरवाट
हो. एकच बेरीज. चार ड्रायव्हर तात्पुरते होते.

न्यूजर्सीकर
मग पहिली ओळ तीच. आता दुसरी. गाड्यांचा खर्च तुम्ही फेमाच्या तासाच्या दराने लावलाय ना? त्या दरात इंधन, देखभाल आधीच धरलेली असते. वर इंधनाच्या पावत्या लावल्या की तोच खर्च दोनदा झाला. त्यांना इंधन काढून टाकायला सांगायचं होतं आणि तुम्ही दर वेळी आणखी जोडत गेलात.

डोंगरवाट
म्हणजे ३४० पानांतली निम्मी पानं… मी तीन शनिवार-रविवार त्या पावत्या शोधण्यात घालवले.

रातराणी
पावत्या टाकू नका ताई. वेगळ्या फायलीत लावून ठेवा. पुढे ऑडिट येईल तेव्हा गाडी त्या दिवशी खरंच चालली याचा पुरावा म्हणून त्याच उपयोगी पडतात. लॉगशीटवरचे किलोमीटर आणि पावतीवरचं इंधन जुळलं की कुणी बोट ठेवत नाही.

न्यूजर्सीकर
काका, अगदी.
डीओबी म्हणजे ड्युप्लिकेशन ऑफ बेनिफिट्स. व्हॅनचा विमा होता का?

डोंगरवाट
होता. पैसे अजून आलेले नाहीत, म्हणून लिहिलं नाही.

न्यूजर्सीकर
यायचे असतील तरी वजा करावे लागतात. विमा कंपनीचं पत्र लावा, दावा कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहा.

औषधविधी
मी वैद्यकीय बिलिंगमध्ये आहे, ट्रान्झिटमधलं कळत नाही. पण डायलिसिसच्या फेऱ्या म्हटल्यावर राहवलं नाही. त्या फेऱ्यांचे पैसे एरवी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी आरोग्य योजना) देतं ना? त्या नऊ दिवसांतल्या फेऱ्यांचं बिल तिकडे गेलं होतं का?

डोंगरवाट
थांबा, बघते.

डोंगरवाट
गेलं होतं. बिलिंग दुसऱ्या बाई करतात, त्यांनी नेहमीसारखं महिनाअखेरीला पाठवलं. सहा पेशंटांना आम्ही पुराच्या पाण्यातून वळसा घालून नेलं होतं, त्या फेऱ्या मेडिकेडकडेही आहेत आणि माझ्या दाव्यातही. मला हे सुचलंच नसतं. औषधविधी, तुमचे फार आभार.

न्यूजर्सीकर
उत्तम पकडलंत. त्या फेऱ्यांसाठी मेडिकेडकडून जेवढी रक्कम आली ती दाव्यातून वजा करा. एका पानावर लिहा: कोणती फेरी, कुणाकडून किती मिळाले, दाव्यात किती उरले. हे पान फाइलच्या अगदी वर ठेवा. परीक्षकाला हे पहिल्या मिनिटात दिसलं पाहिजे.

सह्याद्री_ते_स्मोकी
आणि एफटीएच्या विभागीय कार्यालयालाही एक ईमेल टाकाच. फेमा जे नाकारेल त्यातलं काही तिथे बसू शकतं.

न्यूजर्सीकर
ग्रामीण सेवेचं काम बहुधा राज्यामार्फतच जातं. आधी राज्याच्या माणसाला विचारा, ईमेलमध्ये त्यालाही ठेवा. परस्पर लिहिलं तर तो दुखावेल.
आणखी एक. त्या दोन व्हॅन कुठल्या पैशातून घेतल्या होत्या? एफटीएच्या अनुदानातून असतील तर त्यांच्यावर केंद्राचा हक्क अजून शिल्लक असू शकतो. मग विम्याचे पैसे कुठे वळवायचे हेही तुमच्या एकटीच्या हातात नाही.

डोंगरवाट
आरसी बघावी लागेल. ती ऑफिसच्या कपाटात आहे, ते कपाटही भिजलं होतं. उद्या सकाळी लवकर जाऊन उघडते आणि इथे लिहिते. न्यूजर्सीकर, उद्या असाल ना?

न्यूजर्सीकर
आहे. तुमचे सात वाजले की मी जागा असतो.