मदत हवी आहे: २०१२ ची स्ट्रॅट घेऊ की २०१९ ची?

मंडळी, सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर (स्ट्रॅट) इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीये, दोन समोर आहेत आणि दोन्ही मेक्सिकोच्या एन्सेनादा फॅक्टरीतल्याच. एक २०१२ ची स्टँडर्ड, दुसरी २०१९ ची प्लेयर, म्हणजे २०१८ मध्ये स्टँडर्ड बंद करून आणली ती सिरीज. दिसायला बहिणी-बहिणीच, पण जुनीला २१ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), सिरॅमिक चुंबकाचे पिकअप (तारांचा आवाज पकडतात ते), सहा स्क्रूचा ट्रेमोलो (दांडीने सूर वरखाली करता येतो तो ब्रिज) आणि रोझवूड लाकडाचा फिंगरबोर्ड, तर नवीला २२ फ्रेट, अल्निको पिकअप, टू-पॉइंट ट्रेमोलो आणि पाउ फेरो लाकडाचा फिंगरबोर्ड. शिवाय प्लेयरमध्ये ब्रिज पिकअपला (ब्रिजजवळचा, सगळ्यात तीक्ष्ण आवाजाचा) टोन नॉब आहे, जुनीत नाही, आणि मला ब्रिजचा तो टोचणारा आवाज कमी करता येणं फार गरजेचं वाटतं कारण मी जास्त करून ब्लूज वाजवतो. पण मान जुनीचीच आवडलीये हो, वाजून वाजून इतकी मऊ झालीये की हातातून ठेववत नाही! फ्रेट मात्र पहिल्या तीन घरांत थोडे घासलेत.

पिकअप नंतर बदलता येतात, वायरिंगही करून घेता येईल, मान थोडीच बदलणार, म्हणून मन जुनीकडे झुकतंय. ज्यांनी दोन्ही वाजवल्यात त्यांनी प्लीज सांगा, ट्रेमोलो वापरल्यावर ट्यूनिंगमध्ये खरंच एवढा फरक पडतो का? आणि फ्रेट लेव्हलिंगला (घासलेले फ्रेट सारख्या उंचीचे करून घ्यायला) साधारण किती खर्च येतो?